खोपटामागचा लाल दगड

फ्लोरेस बेटावर कुठल्याही घरात डोकावा, एक तरी माणूस सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, गेलेला सापडेल. आणि बहुतेक वेळा तो परतही आलेला असेल. आमचे निम्मे मास्तर, निम्मे पुढारी आणि झाडून सगळे वर्तमानपत्रवाले असेच पाद्री होता होता राहिलेले. मीही त्यातलाच. तेव्हा परत येण्याचं आम्हाला नवल नाही. नवल असतं ते घरच्यांनी त्या पोरावर काय काय पणाला लावलंय त्याचं. कुणी नारळाचं बन गहाण टाकतं, कुणी धाकटीचं लग्न लांबवतं. आमच्या गावच्या रोफिनानं आपला विडाच पणाला लावला होता.

तिच्या देन्सीला पांढरा झगा मिळाला त्या दिवशी तिनं वेदीपुढं गुडघे टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हा पाद्री होऊन माझ्या हातावर प्रसाद ठेवीपर्यंत मी तोंडात विडा घालणार नाही. बायकांनी डोळे पुसले. पुढं तत्त्वज्ञान, मग गावोगावची सेवा, मग धर्मशास्त्र, हे सगळं व्हायला किती वर्षं लागतात हे कुणीच मोजलं नाही. आमच्याकडं नवस बोलताना कुणी हिशेब करत नाही. फेडताना करतात.

विडा सोडणं म्हणजे काय, हे आमच्या गावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. दारात आलेल्यापुढं आधी नागवेलीचं बोंड (आमच्या विड्यात पानाऐवजी तेच असतं), सुपारी आणि चुन्याचं ताट येतं, मग पाणी, मग 'काय काम काढलंत'. ताट परतवलं म्हणजे तुमचं आमचं वाकडं. सोयरिकीला आलेली माणसं विडा चावून उठली की लग्न ठरलं, न चावता उठली की मोडलं. रोफिना या सगळ्यातून एका झटक्यात बाहेर पडली. सख्ख्या पुतणीची सोयरीक ठरली तेव्हा ती आत चुलीपाशी बसून भात ढवळत होती, कारण बैठकीत कोरडं तोंड अपशकुनी. शेजारच्या लुसियाच्या जिभेला हाड नाही. ती म्हणायची, "रोफिनाचे दात बघा, शाळेतल्या पोरीसारखे. हसली की आपल्यालाच चोरट्यासारखं होतं."

नवरा मलेशियातल्या पामच्या मळ्यात गेला तो तिथलाच झाला. त्यामुळं रोफिनाकडं होतं ते एवढंच: मक्याचं शेत, डुकरांचं खोपट आणि देन्सी. गौदेन्सियुस हे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव, पण एवढं लांब नाव आमच्याकडं फक्त लग्नात आणि मयतात वापरतात.

झगा मिळाला की पोराचं नावही जातं. तो 'फ्रातेर', म्हणजे धर्मबंधू, होतो. लहानपणी ज्यांनी त्याला कैऱ्या चोरताना पकडून बदडलेलं असतं, तेही 'फ्रातेर, बसा' म्हणतात. आईसुद्धा चारचौघांत 'फ्रातेर, तुम्ही जेवलात का' असं विचारते. देन्सीला सुरुवातीला याचं हसू यायचं. मग सवय झाली. मग, त्याच्याच शब्दांत, गोडी लागली, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

झालं असं, की पहिल्या वर्षाच्या ईस्टरला तो सुट्टीवर आला होता आणि गावातले गेलार नावाचे म्हातारे शेवटच्या घटका मोजत होते. पाद्री डोंगरापलीकडं होता. म्हाताऱ्याच्या सुनेनं फ्रातेरला बोलावलं. देन्सीनं हात धरला, स्तोत्र म्हटलं, योग्य ते शब्द योग्य त्या जागी ठेवले. खोलीतली सगळी माणसं रडत होती, म्हाताऱ्याचा श्वास लांबत चालला होता, आणि देन्सीच्या मनात आलं, आपला आवाज आज काय छान लागलाय. म्हातारा गेला तेव्हा देन्सी त्याच्याकडं बघतही नव्हता. तो आपलं शेवटचं वाक्य कसं उतरलं ते ऐकत होता.

त्यानंतर प्रार्थनेला गुडघे टेकले की त्याला देव नाही, स्वतःचा आवाज ऐकू यायचा. सगळे त्याची तारीफ करायचे. भावगंभीर वाचन म्हणून सणाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलचा पाठ वाचायला त्यालाच उभं करायचे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

सेमिनरीतलं वर्ष ऑक्टोबरच्या काहिलीत सगळ्यात लांब वाटतं. टेकडीवरची टाकी तळ गाठते, आणि दोन मजल्यांवरचे धर्मपंडित बादल्या घेऊन दरीत उतरतात. उजाडायच्या आधी घंटा, मिस्सा, न बोलता नाश्ता, मग वर्गात ग्रीकांचे वाद, मग कुदळी. आवारातली काजूची झाडं तेवढी त्या दिवसांत मोहरतात. देन्सीचा मित्र पास्कालिस म्हणायचा, उकाड्यात सगळ्यांनाच वाटतं आपल्याला देवानं बोलावलेलं नाही. पाऊस पडला की परत बोलावणं येतं. देन्सी हसायचा आणि बादली खांद्यावर घ्यायचा. बादली उचलताना त्याला बरं वाटायचं. तिला कुणी ऐकत नसतं.

म्हातारे गेलार गेले त्याच्या पुढच्या वर्षी, अशाच ऑक्टोबरात, त्यानं आपल्या मार्गदर्शकापुढं, पातेर म्हणजे फादर मार्सेल यांच्यापुढं, सगळं ओतलं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाले, स्वतःचा आवाज सगळ्यांनाच आवडतो, मला अजून आवडतो. आता टोकणणीचे दिवस येतील. पेरलेलं उकरून बघू नये. पाऊस सरल्यावर बोलू.

डिसेंबरात पाऊस आला. सगळी सेमिनरी उतारावर मका टोकणायला उतरली. पुढं काठीनं भोक पाडणारे, मागं दाणे टाकणारे, त्यामागं पायानं माती लोटणारे. देन्सी काठीवाल्यांत. चिखलानं माखलेला, गाणी म्हणणारा देन्सी त्या दिवसांत बघितला असता तर कुणीही म्हटलं असतं, पोराचं मन रमलंय. रमलंच होतं, पण मक्यात.

नाताळला तो घरी आला तेव्हा सांगूनच टाकायचं असं ठरवून आला होता. गावानं त्याला चटईच्या वरच्या टोकाला, म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं. डुक्कर कापलं होतं, त्याची काळजाची फोड त्याच्या पानात पडली. ताट फिरलं. लुसियानं रोफिनापाशी येताच ताट सवयीनं तिच्या डोक्यावरून पलीकडं नेलं, जसं आपण झोपलेल्या मुलाला ओलांडतो. रोफिना हात मांडीवर ठेवून बसली होती आणि देन्सीकडं बघून हसत होती. पांढरेशुभ्र दात. देन्सीनं काळजाची फोड न चावताच गिळली. आत्ता नको, मका निघाल्यावर सांगू, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मार्चमध्ये मका निघाला. पातेर मार्सेल म्हणाले, आता उपवासाचे दिवस, या दिवसांत निर्णय घेऊ नये, भुकेचा आवाज देवासारखाच असतो. ईस्टर झाला. म्हातारे गेलार जाऊन दोन वर्षं भरली. देन्सीनं सणाच्या रात्रीचा पाठ वाचला तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन बाया हुंदके देत होत्या, आणि त्यानं त्या मोजल्या. त्याबद्दल त्यानं पापनिवेदन केलं. निवेदन किती छान जमलं हेही त्याच्या लक्षात आलं. असल्या माणसानं जायचं कुठं?

मग पूर्वेचा कोरडा वारा सुटला, चिंचा वाळल्या, आणि जुलैच्या सुट्टीत तो पुन्हा घरी आला. आता मात्र सांगायचंच. पण दर सकाळी आई त्याच्या आधी उठून शेवग्याचा पाला खुडत असायची, आणि तो म्हणायचा, संध्याकाळी. संध्याकाळी ती जपमाळ घेऊन बसायची, आणि तो म्हणायचा, सकाळी. टाळाटाळ करायला माणसाला वेळ कधी कमी पडत नाही.

एका दुपारी तो नारळाची सोडणं आणायला डुकरांच्या खोपटामागं गेला. तिथं कुंपणाला टेकून एक सपाट दगड होता. दगडावर लाल शिंतोडे होते. काही ताजे, काही सुकून तपकिरी झालेले, एकावर एक.

दुसऱ्या कुठल्याही अंगणात आमच्या माणसानं त्याकडं ढुंकून बघितलं नसतं. आमच्याकडं रस्ते, पायऱ्या, नारळांचे बुंधे, सगळं विड्यानं लाल. पण या अंगणात विडा नव्हता, हे सगळ्या गावाला आणि सगळ्यात जास्त देन्सीला ठाऊक होतं. तेव्हा लाल म्हणजे रक्त. आई गेल्या वर्षभरात वाळली होती. चुलीच्या धुरात खोकायची. थुंकायला खोपटामागं येत होती म्हणजे त्याच्यापासून लपवत होती. छाती पोखरली असणार. आणि हे सगळं कुणापायी? त्याच्या झग्यापायी.

तो दगडापाशी बसला. आणि आता ही जी गोष्ट आहे, ती त्यानं मला सांगितली तेव्हा त्याचे कान तापले होते. तिथं बसल्या बसल्या त्याला हलकं वाटलं. आई आजारी, म्हणजे घरी राहायला कारण मिळालं. चांगलं, सगळ्यांपुढं मांडता येईल असं कारण. सेमिनरीच्या रेक्टरना काय सांगायचं ते वाक्यही जुळून आलं: 'देवानं मला वेदीवरून उठवून आईच्या उशाशी बसवलं.' वाक्य सुंदर होतं. ते सुंदर आहे हे कळलं, आणि देन्सीनं आपलं कपाळ कुंपणाच्या बांबूवर आपटून घेतलं. आत डुक्कर दचकून ओरडलं.

घरात रोफिना सुपात मक्याची कणसं सोलत बसली होती. तो समोर बसला.

"आई, किती दिवस झाले?"

तिच्या हातातलं कणीस थांबलं. "कशाला?"

"खोपटामागचा दगड बघितला मी."

तिनं कणीस सुपात ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. उद्याच दवाखान्यात जाऊ."

"दवाखान्यात?" ती त्याच्याकडं बघत राहिली. "विडा सोडवायला?"

देन्सीला समजायला थोडा वेळ लागला. मग रोफिनानं सांडलेले दाणे एकेक करून वेचत सगळं सांगितलं. तिची आई वारली त्या पावसाळ्यात मयताच्या घरी बायका बसल्या होत्या, अंधार होता, कुणीतरी न बघता तिच्याही हातात विडा ठेवला. परत द्यायला आवाज काढावा लागला असता. तिनं तोंडात घातला. एकदाच, असं म्हणून. त्याच पावसात देन्सीला टायफॉइड झाला. तिनं घाबरून सोडला. तो बरा झाला, तिला वाटलं देवानं माफ केलं, तिनं परत धरला. तेव्हापासून हे असंच. खाऊन झालं की राखेनं दात घासायचे, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत.

"आणि नाताळला तू आलास तो हा असा," ती म्हणाली, "भिंतीकडं बघून जेवणारा. मी म्हटलं, झालं. देवानं माझं तोंड बघितलं आणि पोराचं मन काढून घेतलं. खरं सांग, देन्सी. तुझं मन नाही ना तिथं?"

आता पेच बघा. 'आहे' म्हणाला असता तर तो जन्मभर अडकला असता. 'नाही' म्हणाला असता तर ती. घरातली एकमेव खरी गोष्ट सांगायची वेळ आली, तीच तिच्या गळ्यात धोंड होऊन पडणार. खोपटामागच्या दगडाएवढी.

देन्सीनं मग आयुष्यात पहिल्यांदा आवाज न लावता बोलायला सुरुवात केली.

"म्हातारे गेलार गेले ते कधी?"

"पहिल्या ईस्टरला. का?"

"आणि आजी?"

"त्याच्यानंतरच्या पावसात."

"मग माझं आधी मोडलं, आई. तुझं नंतर."

त्यानं म्हाताऱ्याच्या खाटेपाशी काय झालं ते सांगितलं. तिला सगळं समजलं असं नाही. पण आधी काय आणि नंतर काय, हे तिला बरोबर समजलं. बाजारात बसणारी बाई ती. तिनं मनात जुळवाजुळव केली.

"म्हणजे मी चावला तेव्हा तू आधीच..."

"हो."

"आणि तोवरचे ते सगळे महिने मी कोरडं तोंड घेऊन बसले. पुतणीच्या सोयरिकीला चुलीपाशी. ते?"

"तेही, आई."

"मग आधी सांगायचं नाही का रे, गाढवा."

झगा मिळाल्यापासून त्याला कुणी गाढव म्हटलं नव्हतं. त्याला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि हसता हसता ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. तो सुपातले दाणे उगाच इकडून तिकडं करत राहिला.

चार दिवसांनी गावच्या चर्चचा सण होता. देन्सी म्हणाला, जेवणं झाली की म्हाताऱ्यांपुढं उभं राहून मी स्वतः सांगणार. नवस खरा होता, माझंच मन खोटं होतं, असं स्पष्ट सांगणार. रोफिना म्हणाली, "सांग. पण त्यांना कळेल का? स्वतःचा आवाज आवडला म्हणून कुणी झगा उतरवतं होय? मलाच अजून नीट कळलं नाही. ते म्हणतील, बाई असणार." देन्सी म्हणाला, म्हणू देत.

सणाच्या दिवशी त्यानं शेवटचा पाठ वाचला. आवाज असा लागला होता, की लुसियासुद्धा गप्प होती. मग चिंचेखाली चटया पडल्या, पानं मांडली, ताडी फिरली. काळजाची फोड देन्सीच्या पानात आली आणि तशीच राहिली. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता आणि जुळलेली पुसत होता, कारण चांगली वाटायला लागली की ती खोटी वाटायची.

ताट निघालं. लुसिया बायकांच्या रांगेतून ते देत देत आली, आणि रोफिनापाशी येताच नेहमीसारखं वरून पलीकडं नेऊ लागली. रोफिनानं हात वर करून ताट धरलं.

"इकडं ठेव," ती म्हणाली.

तिनं सुपारी घेतली, बोंड मोडलं, चुन्यात बुडवलं आणि तोंडात टाकलं. घाई केली नाही. चावलं, आणि ओठांच्या कडा लाल होईपर्यंत सगळ्यांना बघू दिलं. ताडीवाले म्हातारेसुद्धा वळले.

"रोफिना," लुसिया म्हणाली, आणि तिच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता, "अगं, पोराचा तरी विचार करायचास."

"राहवलं नाही," रोफिना म्हणाली. "आजचं नाही हे. आई गेली तेव्हापासून चाललंय. त्याचं मन उडालं ते माझ्यामुळंच."

गावाला ही गोष्ट एका क्षणात समजली. म्हाताऱ्याची खाट, आवाज, वाक्यं, यातलं त्याला काहीही समजलं नसतं, हे मात्र समजलं. नवस मोडला, पोरगं गेलं. जमा आणि खर्च सरळ जुळले. कुणी मान हलवली, कुणी हळहळलं. देन्सी उठून उभा राहिला. तसं नाही, असं तो म्हणालाही, पण पहिल्याच शब्दाला रोफिना ताट घेऊन त्याच्यापुढं आली होती. म्हाताऱ्यांच्या रांगेत, सगळ्या गावापुढं, तिनं त्याला फ्रातेर म्हटलं नाही.

"देन्सी," ती म्हणाली, "चाव आधी. बस खाली."

तोंडात विडा असताना आमच्याकडं वडीलधाऱ्यांपुढं बोलत नाहीत. फार तर मान हलवतात. देन्सीनं विडा घेतला. सवय नव्हती, चुन्यानं जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी गावानं पोराचं दुःख म्हणून घेतलं. विडा चघळून होईतोवर ढोल वाजू लागला होता, म्हातारे दुसऱ्याच विषयावर, पावसाच्या अंदाजावर गेले होते, आणि लुसिया सगळ्या रांगेला सांगत होती की तिला रोफिनाच्या हिरड्यांवरून आधीच संशय होता.

आता देन्सी गावच्या शाळेत शिकवतो. टोकणणीच्या दिवसांत पोरांना घेऊन शेतात उतरतो, काठी त्याच्याच हातात असते. रोफिनाचं तोंड दिवसभर रंगलेलं असतं, ती सोयरिकींत वरच्या चटईवर बसते, आणि तिच्याकडं बघून तरी ती सुखात आहे असंच कुणीही म्हणेल. मागच्या वर्षी लुसियाचा नातू सेमिनरीत गेला. लुसियानंही विडा सोडला. दुसरं काही सोडलं तर गाव काय म्हणेल? सणाला ताट फिरवायचं काम आता रोफिनाकडं आलंय. ती लुसियापाशी आली की ताट तिच्या डोक्यावरून पलीकडं नेते. लुसिया दर वेळी तिला ऐकू जाईल असं शेजारणींना सांगते, "आपण नाही बाई रोफिनासारखं करायचं. आईनं तोंड आवरलं नाही, म्हणून त्या बिचाऱ्याचा झगा गेला."

देन्सी ते ऐकतो. दर सणाला उठायचं ठरवून येतो. मला म्हणतोही, या वेळी सांगणार. रोफिना त्याच्यापुढं ताट धरते, तो विडा घेतो आणि मान खाली घालून चावत बसतो.

मी एकदा त्याला म्हटलं, "थुंकून टाकायला कितीसा वेळ लागतो रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंडातला विडा या गालातून त्या गालात नेला.